कोळसा उगाळावा तितका... लाल!

आपल्याकडे कोळशावर दोन आरोप कायमचे आहेत. एक, कितीही उगाळला तरी तो काळाच. दोन, त्याच्या दलालीत हात काळे होतात. दोन्ही आरोपांची तपासणी प्रयोगशाळेत झालेली आहे आणि दोन्हींतून कोळसा बऱ्यापैकी सुटतो.

खनिजं ओळखणारी मंडळी नमुने खरोखरच उगाळतात. बिनझिलईच्या पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यावर दगड घासायचा आणि उमटलेल्या रेघेचा रंग बघायचा, ही त्यांची पहिलीवहिली चाचणी. तमिळनाडूतल्या नेयवेलीचा लिग्नाइट, म्हणजे कमी पिकलेला कोळसा, असा घासला की रेघ येते तपकिरी. म्हणजे म्हण तिथेच लटपटते. पुढचा प्रयोग आणखी मजेदार आहे. दगडी कोळशाची चकती घासत घासत दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शापर्यंत आणली आणि सूक्ष्मदर्शकाखाली खालून उजेड सोडला, तर तो चक्क आरपार दिसतो आणि रंग असतो नारिंगी-लाल. अँथ्रासाइट जातीचा कोळसा मात्र हट्टी. तो इतका पिकलेला असतो की कितीही पातळ केला तरी उजेडाला वाट देत नाही. म्हण बहुधा त्याच्यावरूनच पडली असावी, पण भारतात तो नावापुरताच सापडतो.

हात काळे करणारा खरा आरोपी

बल्लारपूर, घुग्गुस किंवा वणीच्या खाणीतलं एखादं ढेकूळ हातात घेऊन उन्हात तिरकं धरा. आडवे पट्टे दिसतील. काही आरशासारखे चकचकीत, काही मळकट, निस्तेज. चकचकीत पट्ट्यावर बोट फिरवा, बोट जवळजवळ स्वच्छ राहतं. मग मधेच एखादी रेशमी, ठिसूळ, चुरा होणारी पट्टी लागते. तिला हात लावला की संपलं! हा फ्युझेन. तो म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी जळालेल्या लाकडाचा, जमिनीत जपून राहिलेला लाकडी कोळसा. म्हणजे दगडी कोळशाच्या पोटातच लाकडी कोळसा दडलाय, आणि दलालीत हात काळे करण्याचं बरंचसं काम तोच करतो. प्राचीन जंगलांत वणवे लागत होते याचा पुरावाही शास्त्रज्ञ याच पट्टीतून काढतात.

कोळशातले असे चार प्रकारचे पट्टे वेगळे ओळखून त्यांना १९१९ साली नावं दिली ती मेरी स्टोप्स या ब्रिटिश बाईंनी. कोळशातल्या सूक्ष्म जैविक घटकांना ‘मॅसेरल’ म्हणायचं, हेही १९३५ साली त्यांनीच ठरवलं आणि जगभर आजही तेच चालतं. नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर, संततिनियमनावर पुस्तकं लिहून इंग्लंडात खळबळ उडवणाऱ्या त्याच या मेरी स्टोप्स. मुळात त्या जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक. मँचेस्टर विद्यापीठात विज्ञान शिकवणाऱ्या पहिल्या महिला. १९२१ साली त्यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्याच वर्षी इकडे मुंबईत र. धों. कर्व्यांनी आपलं. कर्वे गणिताचे प्राध्यापक, स्टोप्सबाई कोळशाच्या जाणकार. समाजाची झोप उडवायला डॉक्टरच असावं लागतं असं काही नाही.

मॅसेरलचे तीन मोठे गट आहेत. लाकूड-सालीपासून बनलेला व्हिट्रिनाइट, जळक्या किंवा कुजून सुकलेल्या भागांचा इनर्टिनाइट आणि तिसरा माझा लाडका लिप्टिनाइट. यात येतात पानांवरचं मेण, परागकण, बीजाणू आणि झाडांची राळ. कमी पिकलेल्या कोळशातल्या लिप्टिनाइटवर सूक्ष्मदर्शकाखाली निळा उजेड टाकला की तो पिवळा-हिरवा चमकायला लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर पाच कोटी वर्षांपूर्वीचे पराग लुकलुकताना दिसणं, हे दृश्य कोळशाला नाकं मुरडणाऱ्या प्रत्येकाला एकदा दाखवलं पाहिजे.

राळेची तर वेगळीच कथा आहे. सुरतेजवळच्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत तिचे पिवळेधम्मक खडे मिळाले. अंबरच तो. त्यात अडकलेले सातशेहून अधिक किडे, कोळी आणि त्यांचे भाईबंद शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये जगासमोर मांडले. वय, पाच कोटी वर्षांहून जास्त. आणि कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीनं दिलेल्या अजस्र सापाच्या मणक्यांना २०२४ मध्ये ‘वासुकी’ हे नाव मिळालं, तेही जाता जाता सांगून टाकतो.

खनिज? छे, गर्दी!

कायद्याच्या पुस्तकात कोळसा हे खनिज आहे. रॉयल्टी वसूल करायची तर काहीतरी म्हणावंच लागतं. शास्त्राच्या पुस्तकात मात्र तो खनिज नाही. खनिजाला ठरावीक रासायनिक सूत्र लागतं आणि ठरावीक स्फटिकरचना लागते. कोळशाकडे दोन्ही नाहीत. रसायनवाले अगदीच हट्टाला पेटले तर मध्यम दर्जाच्या कोळशासाठी एक सरासरी सूत्र सांगतात. त्यात कार्बनचे १३७ अणू, हायड्रोजनचे ९७, ऑक्सिजनचे ९ आणि नायट्रोजन व गंधकाचा एकेक. पण असा रेणू कोणी बाटलीत भरून दाखवू शकत नाही. दोन खाणींचाच काय, एका थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा कोळसाही सारखा नसतो.

खनिजं असतात ती कोळशाच्या पोटात. क्वार्ट्झ म्हणजे वाळूच, केओलिनाइटसारखी चिकणमाती, कॅल्साइट, लोहाचं सिडेराइट आणि पायराइट ही नेहमीची मंडळी. बाकी किरकोळ पाहुणे धरले तर यादी शंभराच्या पुढे जाते. अधूनमधून पांढुरक्या मातीचा हातभरही नसलेला पातळ थर लागतो. ती बऱ्याचदा जुन्या ज्वालामुखीची राख असते. दलदलीवर एका फटक्यात पडलेली आणि म्हणूनच कोळशाचं वय काढायला फार उपयोगी.

चंद्रपूर बर्फाखाली होतं तेव्हा

हे वाक्य मे महिन्यात चंद्रपूरकरांना ऐकवू नये. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरईजवळ हिमनद्यांनी ओरखडे काढलेला चुनखडीचा खडक आहे आणि त्याची नोंद भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७५ सालीच करून ठेवलीय. तेव्हा आपला हा तुकडा गोंडवन महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता. बर्फ वितळला, नद्या सुटल्या, दलदली झाल्या आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या लांबट जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं माजली. आपला विदर्भातला कोळसा प्रामुख्यानं त्यांचा. याच झाडाचे जीवाश्म कॅप्टन स्कॉट आणि त्याच्या साथीदारांनी १९१२ साली अंटार्क्टिकावर गोळा केले. परतीच्या वाटेवर उपासमार आणि थंडीनं ते गेले, पण १६ किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते. ते त्यांच्या मृतदेहांजवळच सापडले.

उरलेल्या महाराष्ट्रात कोळसा का नाही? कारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हानं जवळपास सगळं झाकून टाकलं. नागपूर, यवतमाळ आणि चंद्रपूरकडे त्या काळ्या पाषाणाची कड संपते, म्हणून तिथे खालचे थर हाती लागले. वरोऱ्याला इंग्रजांनी १८७० च्या दशकातच खाण सुरू केली होती.

आता या कोळशाची दुखरी नस. राख! परदेशातला चांगला कोळसा जाळला की दहा-पंधरा टक्के राख उरते. आपल्याकडे तीस, चाळीस, कधी त्याहूनही जास्त. बर्फ वितळून आलेल्या नद्यांनी दलदलीत झाडांबरोबर चिकणमातीही आणून ओतली, त्याची ही शिक्षा. बरं, धुऊन काढावी तर तेही सरळ जमत नाही. तांदळातले खडे निवडता येतात, भाकरीच्या पिठात मळलेलं मीठ कसं निवडणार? माती कणाकणात भिनलेली असते.

हिशोब करून बघा. कोळशाची एक मालगाडी साधारण चार हजार टनांची. राख ३५ टक्के धरली तर चौदाशे टन माती आपण डिझेल-वीज खर्चून शेकडो किलोमीटर फिरवून आणतो. याच कारणानं हजार किलोमीटरपलीकडच्या वीज केंद्रांना ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा पाठवू नये, असा नियम सरकारनं केला, पुढे अंतराची मर्यादा आणखी खाली आणली आणि २०२० मध्ये अटच काढून टाकली. मला विचाराल तर अट काढायला नको होती.

पोलादाच्या भट्ट्या त्यांना लागणाऱ्या कोकिंग कोळशातल्या राखेच्या बाबतीत फारच चोखंदळ. म्हणून तो बाहेरून आणावा लागतो. गोव्यात मुरगाव बंदरावर उतरून तो कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, आणि वाटेत वास्कोकरांच्या खिडक्यांवर बसणाऱ्या काळ्या भुकटीवरून गेली कित्येक वर्षं भांडणं चालू आहेत. त्या भांडणांचं मूळ असं झारखंडातल्या झरियासारख्या आपल्या खाणींच्या कोळशात मिसळलेल्या मातीत आहे. झरियात निसर्गानंही कोक, म्हणजे हवेशिवाय तापवलेला कोळसा, बनवून ठेवलाय, बरं का. तप्त शिलारस कोळशाच्या थरांत घुसला आणि आजूबाजूचा कोळसा जागच्या जागी भाजला गेला. खाणीतले लोक त्याला झामा म्हणतात.

एक गुण मात्र मान्य करायला हवा. गोंडवन कोळशात गंधक जेमतेम अर्धा टक्का असतं.

सोनेरी चोर

गंधकाचं प्रकरण बघायचं तर आसामात जायचं. मार्घेरिटा, लेडो भागातला कोळसा वयानं लहान. त्यात राख कमी, आच भरपूर आणि गंधक दोन टक्क्यांपासून सात टक्क्यांपर्यंत. दलदलीशेजारी समुद्र होता, त्याची ही देणगी. या गंधकाचा मोठा भाग कोळशाच्या रेणूतच गुंफलेला असतो. उरलेला पायराइटच्या रूपात. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. दिसायला अस्सल सोनं, म्हणून भल्याभल्यांना त्यानं गंडवलंय.

खाणीत हवा आणि पाणी लागलं की पायराइट आपलं खरं रूप दाखवतो. त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि लोहाचा गंज नारिंगी गाळ होऊन ओढ्यांच्या तळाशी बसतो. मेघालयातल्या उंदीरबिळासारख्या अरुंद खाणींतून असं आम्लपाणी इतकं वाहिलं की कोपिली जलविद्युत प्रकल्पाच्या यंत्रांचे पोलादी भाग कुरतडले गेले. राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ मध्ये या खाणींवर बंदी आणली. कोळशाच्या खाणींनी पाण्यावर चालणारं वीज केंद्र खाल्लं, हे मला आजही अजब वाटतं.

मुतखडा आणि कल्हईवाला

जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या कोळशाच्या खाणींत व्हेवेलाइटचे सुंदर काचेसारखे स्फटिक मिळत. संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. रासायनिकदृष्ट्या हे कॅल्शियम ऑक्झलेट, म्हणजे तुमच्याआमच्या मुतखड्याचा मुख्य घटक! जर्मनीतच थुरिंगिया भागातल्या लिग्नाइटमध्ये मेलाइट सापडतं. रंग मधाचा, आणि ॲल्युमिनियमबरोबर त्यात एक सेंद्रिय आम्ल बसलेलं. सजीवांच्या रसायनातून जन्मलेली अशी खनिजं फार थोडी, त्यांतली काही कोळशानं सांभाळलीत.

कोळशाचा थर जमिनीखाली पेटला तर आणखी गंमत. फटींतून गरम वायू वर येतात, तोंडाशी थंड होतात आणि तिथे पिवळं गंधक नि पांढरे स्फटिक जमतात. हे पांढरे स्फटिक म्हणजे नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कथील लावण्याआधी पूड टाकतो आणि भसकन पांढरा धूर निघतो ना, तीच वस्तू. कोळशात एक-दोन टक्के नायट्रोजन असतो, आगीत त्याचा अमोनिया होतो, क्लोरीनशी गाठ पडते आणि नवसागर जमतो. झरियाच्या आगी १९१६ पासून धुमसताहेत. मध्य आशियातले काही थर तर त्याहून कितीतरी जुने पेटलेले आहेत.

मिरच्या वाळवल्या, विष लागलं

ही गोष्ट गमतीची नाही, पण कोळशात काय काय असू शकतं ते हिच्याइतकं कुणीच सांगत नाही. चीनच्या गुइझोऊ प्रांतात पावसाळी हवेत मिरच्या, मका उन्हात वाळत नाहीत. म्हणून लोक घरात, धुराडं नसलेल्या चुलीवर टांगून वाळवत. जळण जवळच्या टेकडीतला कोळसा. त्यातल्या काही थरांत आर्सेनिक इतकं होतं की एका नमुन्यात ते साडेतीन टक्के भरलं. ताज्या मिरचीत आर्सेनिक दशलक्षात एक भागाहून कमी, आणि धुरावर वाळवलेल्या मिरचीत पाचशेहून जास्त. हजारो माणसांच्या हातापायांवर कडक गाठी आल्या, त्वचेचे रोग झाले. १९९९ मध्ये भूवैज्ञानिक रॉबर्ट फिंकेलमन आणि सहकाऱ्यांनी हा माग जगापुढे मांडला. घरात दगडी कोळशाची शेगडी पेटवत असाल तर खिडकी उघडी ठेवा, आणि शक्यतो तीवर काही वाळवू नका.

थोडं युरेनियम, थोडं जर्मेनियम

कोळशात युरेनियम असतं हे खरं, पण दशलक्षात एक ते चार भाग. जाळल्यावर राखेत ते गोळा होतं, तरी बहुतेक राखेतलं प्रमाण ग्रॅनाइटच्या फरशीच्या आसपासच भरतं. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘अणुभट्टीपेक्षा भयंकर राख’वाले संदेश पुढे ढकलण्याआधी हे लक्षात ठेवा. अपवाद आहेतच. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात १९६० च्या दशकात लिग्नाइट भट्टीत जाळला तो ऊब मिळवायला नव्हे, तर राखेतलं युरेनियम काढायला.

जर्मेनियमचंही तसंच. भूरसायनतज्ज्ञ गोल्डश्मिट यांना ते १९३० साली कोळशाच्या राखेत सापडलं. आज चीनच्या युन्नान प्रांतातला लिंचांगचा लिग्नाइट जर्मेनियमसाठीच खणला जातो. अंधारात बघू शकणाऱ्या कॅमेऱ्यांच्या भिंगात आणि ऑप्टिकल फायबरमध्ये ते लागतं.

डांबरातून निळाई

कोळसा हवेशिवाय तापवला की कोक उरतो, गॅस निघतो आणि काळंकुट्ट, घाण वासाचं कोलटार गळतं. गॅसवर मुंबईचे रस्ते १८६५ पासून उजळले. कोलटारला मात्र सुरुवातीला फारसं कुणी विचारत नव्हतं. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनाइन बनवायला बसला, कोलटारमधल्या रसायनांशी झटापट केली आणि भांड्याच्या तळाशी मिळालं जांभळं. जगातला पहिला मोठा कृत्रिम रंग. क्विनाइन राहिलं ते राहिलंच.

मग रांग लागली. १८७९ मध्ये फालबर्ग नावाचा रसायनतज्ज्ञ प्रयोगशाळेतून हात न धुता घरी जेवायला बसला आणि पाव गोड लागला. ते सॅकरिन, कोलटारच्या टोल्युइनचं अपत्य. आणि आपल्याला सर्वांत महाग पडलेला शोध नॅफ्थलीनचा. होय, कपाटातल्या डांबरगोळ्यांचं नॅफ्थलीन. त्यापासून कृत्रिम नीळ बनवण्याचा मार्ग जर्मन कंपनी बीएएसएफ शोधत होती. एक टप्पा अडला होता. तिथल्या झापर नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या भांड्यात थर्मामीटर फुटला, पारा सांडला आणि अडलेली क्रिया सुटली. १८९७ मध्ये ती नीळ बाजारात आली आणि बिहारच्या निळीच्या बाजाराला उतरती कळा लागली. नुकसान गोऱ्या मळेवाल्यांनी रयतेवर ढकललं. १९१७ चा चंपारणचा लढा त्याच निळीतून आला. एका फुटक्या थर्मामीटरचा एवढा पसारा.

हिऱ्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. कोळशाचा हिरा होत नाही. बहुतेक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने आणि दीडशे किलोमीटर खोलीवर घडलेले. जमिनीवर वनस्पती आल्या साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी. झाडंच नव्हती, तर कोळसा कुठून?

आणि शेवटी, राख

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या वीज केंद्रांच्या बॉयलरमध्ये कोळसा पिठासारखा दळून फवारतात. कार्बन जळून जातो. एक किलो कार्बनमागे साडेतीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो. उरलेली गोंडवन माती त्या आचेत वितळते आणि हवेतच गोल थेंब होऊन गोठते. म्हणून फ्लाय ॲशचे कण बरेचसे काचेचे, गुळगुळीत गोळे असतात. काही तर पोकळ! ते राखेच्या तलावावर तरंगतात, गोळा करून विकले जातात आणि रंगांत, प्लास्टिकमध्ये भर म्हणून जातात.

या काचेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर. पाणी आणि चुना मिळाला की ती हळूहळू घट्ट धरते. म्हणूनच पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये (पीपीसी) १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश घालायला भारतीय मानकानं परवानगी दिलीय. घराचं काम चालू असेल तर सिमेंटचं पोतं उतरवून घेताना त्यावरची बारीक अक्षरं वाचा. पीपीसी असेल तर टक्केवारी छापलेली सापडेल. आणि गिलावा, स्लॅबवर पाणी मारायला कंत्राटदार कंटाळत असेल तर त्याला ठणकावून सांगा, ही राख सावकाश पकडते, दहा दिवस तरी पाणी मारायलाच हवं.